फिरवून घातलेला प्रश्न

शंभर अंशाला पाण्याची वाफ होते, हे वाक्य कुणी तत्त्वज्ञानाच्या ओघात उच्चारलं की मी उठून बाहेर जातो. वर्गात तेच वाक्य मी जन्मभर शिकवलं, तेव्हा काही वाटलं नाही. तिथे ते फक्त पाण्याबद्दल असतं. पण चांगला शिकलासवरलेला माणूस समाज, इतिहास, माणसाचं मन असं काय काय बोलता बोलता मध्येच किटली चुलीवर चढवतो, तेव्हा माझं डोकं फिरतं. बायको म्हणते, तुमचा स्वभावच तिरसट. असेल. पण या एका बाबतीत त्याला कारण आहे, आणि ते कारण माझी आक्का आहे.

मी मूळचा गोव्यातला, पेडणे तालुक्यातल्या हळर्णचा. नोकरी लागली ती डिचोली तालुक्यातल्या एका हायस्कुलात, विज्ञान शिकवायची, म्हणून आम्ही नवराबायको पाळीला खोली घेऊन राहिलो. पाळी म्हणजे खाणीचा गाव. खनिजाचे ट्रक दिवसभर दारावरून जायचे. सकाळी दोरीवर घातलेला पांढरा शर्ट संध्याकाळी तांबूस होऊन घरात यायचा आणि त्याबद्दल बायको मलाच बोलायची, जसा काही मीच डोंगर खणत होतो. आक्का, माझी मोठी बहीण, लाटंबार्सेला दिलेली. भावजींची थोडी भातशेती होती आणि डोंगरावर काजू. आमची आई लवकर गेली, त्यामुळे मला शाळेत नेऊन बसवणारी, केस विंचरणारी, चुकलो तर कान पिळणारी सगळी आक्काच. मी मास्तर झालो तेव्हा तिनं सगळ्या लाटंबार्सेला सांगितलं होतं की आपला भाऊ शास्त्र शिकवतो. शास्त्र म्हणजे नेमकं काय, हे तिनं मला कधी विचारलं नव्हतं.

पाळीत खाणकामगारांच्या खोल्यांची एक रांग होती. तिच्या पडवीत दर रविवारी सकाळी अभ्यासवर्ग भरायचा. वर्ग घेणारा सिंधुदुर्गातून आलेला, खाणीच्या वर्कशॉपमध्ये फिटर, युनियनचा कार्यकर्ता. त्याला सगळे कॉम्रेड म्हणत. त्याची बायकोसुद्धा "कॉम्रेड, जेवक येवा" अशीच हाक मारायची. वर्गाचा विषय विरोधविकासी भौतिकवाद. ऐकणारे कोण, तर ट्रकवाले, मशीनवर काम करणारे, एक-दोन आमच्यासारखे नोकरदार. वस्तू आधी, विचार मागाहून. जगात स्थिर काही नाही. बदल बाहेरून येत नाही, आतल्या ओढाताणीतून होतो. आणि थोडं थोडं साठत गेलेलं एका क्षणी उडी घेतं, पाण्याची वाफ होते तसं. कॉम्रेडचं लांबलचक वाक्य संपलं की मागच्या ओळीतला एखादा ट्रकवाला गाऱ्हाण्यात म्हणतात तसं "व्हय म्हाराजा" म्हणायचा आणि सगळे हसायचे. कॉम्रेडही हसायचा. त्याचे वडील गावच्या देवळात गाऱ्हाणं घालणारे मानकरी होते, म्हणून ती टोपी त्याला बरोबर बसायची.

मला त्यानं बोलावलं कारण वर्गाला विज्ञानातला माणूस हवा होता. मी गेलो, आणि पहिल्या महिन्यातच आमचं वाजलं. मी म्हटलं, विज्ञान आधी बघतं आणि मग बोलतं. तुमचं तत्त्वज्ञान आधी बोलतं आणि मग उदाहरणं हुडकायला निघतं. पाणी उकळतं म्हणून क्रांती होते, हा काय पुरावा झाला? त्यावर कॉम्रेड शांतपणे म्हणाला, "मास्तर, नुसता बघून काय कळता? बघूकसुद्धा काय बघूचा ता आधी ठरवूक लागता. ता कोण ठरवता?" माणूस मूर्ख नव्हता. उलट, रविवारची मी वाट बघू लागलो. शाळेतल्या स्टाफरूममध्ये असला प्रश्न कुणाच्या डोक्यात येण्याचा संभवच नव्हता.

ते दिवस भाषेच्या भांडणाचे होते. मराठी की कोंकणी, यावरून चहाच्या दुकानात टेबलं वेगळी झाली होती. रस्त्यावर झाडं आडवी पडायची, बसगाड्या अर्ध्या वाटेवरून परत फिरायच्या. वर्गातही दोन तट पडले. यातला मुख्य विरोध कुठला आणि दुय्यम कुठला हे कॉम्रेड दोन रविवार समजावत होता, आणि तिसऱ्या रविवारी निम्मे लोक आलेच नाहीत. मी शाळेत मराठीतून शिकवायचो, आक्काशी पेडण्याची कोंकणी बोलायचो. त्यामुळे दोन्हीकडचे माझ्याकडे संशयानं बघत.

अशातच एकदा आम्ही लाटंबार्सेला गेलो असताना आक्कानं माझ्या बायकोला मागच्या दारी नेलं. मला असल्या गोष्टी ती कशी सांगणार? परतीच्या वाटेवर बायको म्हणाली, "आक्काच्या छातीत गाठ आहे. मला हात लावून बघायला लावलं. काजूच्या बीएवढी आहे, आणि हलत नाही." मी विचारलं, दुखते का? ती म्हणाली, "दुखत नाही, म्हणून तर ती कुणाला बोलली नाही."

दुखत नाही म्हटल्यावर मला भीती वाटली. पुस्तकात वाचलेलं थोडंफार होतं, आणि अर्धवट वाचलेलं माणसाला जास्तच घाबरवतं. म्हापशाच्या डॉक्टरांकडे मीच तिला घेऊन गेलो. त्यांनी तपासलं आणि मला बाजूला घेऊन सांगितलं की पणजीला मोठ्या इस्पितळात न्या, गाठ काढायला लागेल, थांबण्यासारखं हे दुखणं नाही. बाहेर आक्का बाकावर पिशवी मांडीवर घेऊन बसली होती. मी सांगितलं तसं तिनं ऐकून घेतलं आणि म्हणाली, "बरा. आधी देवीक विचारूया."

आमच्याकडे हे नवीन नव्हतं. लाटंबार्सेच्या त्या घरात पेरणीपासून सोयरिकीपर्यंत काहीच देवीला विचारल्याशिवाय झालं नव्हतं. कौल लावताना गुरव देवीच्या मूर्तीवर उजव्या नि डाव्या अंगाला ओली फुलाची पाकळी चिकटवतो, घरचा माणूस प्रश्न सांगतो, गुरव तो देवीच्या कानावर घालतो. मग सगळ्यांनी गप्प बसून बघायचं. उजवी आधी पडली तर होकार, डावी पडली तर नकार. मी लहानपणापासून हे बघत आलो होतो आणि मास्तर झाल्यापासून त्याकडे काणाडोळा करत आलो होतो. आपल्याला काय त्याचं, असं वाटायचं. आता मात्र गळ्याशी आलं होतं.

मी गेलो त्यांच्याबरोबर. भावजींनी प्रश्न घातला: पणजीला नेऊन गाठ कापून काढायला देवीची खुशी आहे काय? मी खांबाला टेकून उभा होतो. डाव्या अंगाला समई होती, तिची ज्योत मूर्तीच्या अगदी जवळ. डावी पाकळी कडेनं सुकत सुकत वळलेली मला दिसली आणि पडली. भावजींनी मान खाली घातली. आक्कानं हात जोडले, आणि मला वाटतं, तिला थोडं बरंच वाटलं असावं. सुरीला कोण घाबरत नाही?

घरी आल्यावर मी तिच्यावर ओरडलो. ती खळ्यात कुळीथ पाखडत बसली होती, तिनं सूप थांबवलं नाही. मी तिला सगळं समजावलं, पाणी कसं धरून ठेवतं, सुकल्यावर कसं सोडतं. ती म्हणाली, "तू म्हणतंस पाणी सुकला की पाकळी पडता. बरा, ता माका पटला. पण दोनय पाकळ्यांक पाणी तेवढाच लावलेला. मगे डावीच आधी कित्याक पडली?"

"समई डाव्या अंगाक होती. तेच्या धगीन ती आधी सुकली."

"समई थय कोणी ठेवली?"

"गुरवान."

"मगे गुरवाक ती थयच ठेवची बुद्धी कोणी दिली?"

आणि हसली. चिडवत होती मला, लहानपणी चिडवायची तशी. मी एक कारण सांगितलं की ती त्याच्या मागचं विचारायची, आणि माझी कारणं संपली की तिथे तिची देवी उभी. तिनं माझं शास्त्र नाकारलं असतं तर मी भांडलो असतो. तिनं ते सगळंच्या सगळं मान्य केलं आणि देवीच्या हाताखाली नोकरीला ठेवलं. मी तिथून उठलो, चपला घातल्या आणि न जेवता पाळीला परत आलो. नंतर वाईट वाटलं, कारण तिनं माझ्यासाठी तांबडे काजू घालून उसळ केली होती.

पुढच्या रविवारी वर्ग संपल्यावर मी कॉम्रेडला सांगितलं. त्यानं बारीकसारीक विचारून घेतलं. प्रश्न कुठल्या शब्दांत घातला, समई किती लांब होती, गुरव पाकळी कुठल्या हातानं लावतो. मग म्हणाला, "मास्तर, प्रश्न फिरवा."

मला कळलं नाही.

"डावीच पडतली असली तर डावी म्हणजे 'जा' असो प्रश्न घाला. 'थांबूक देवीची खुशी आसा काय?' असा विचारा. डावी पडली, म्हणजे थांबूचा नाय. मगे घाला गाडयेत आणि चला पणजीक." त्याचे वडील गाऱ्हाणं घालणारे, त्यामुळे त्याला रीत ठाऊक होती. एकदा नकार आला म्हणून कायमचं दार बंद होत नाही, काही दिवसांनी प्रश्न बदलून परत विचारता येतं. यात कुणाला काही वावगं वाटत नाही.

मी म्हटलं, "अहो, पण मी एकदाच बघितलंय. एकदा बघून नियम होत नाही."

"मगे घरात करून बघा."

मी केलं. हसू नका. घरातली पितळेची कळशी उभी केली, तिच्या एका अंगाला देवघरातली समई लावली, आणि दारच्या फुलांच्या पाकळ्या ओल्या करून चिकटवत बसलो. बायको दारात उभी राहून बघायची आणि समईतलं तेल किती उरलं ते बघून आत जायची. बहुतेक वेळा समईच्या बाजूची पाकळी आधी पडायची. पण कधी कधी दुसरीच पडायची, आणि ती का पडली ते मला कळायचं नाही. वारा असेल, पाकळी जाड असेल, माझ्या बोटाला तेल असेल. शाळेत मी मुलांना सांगायचो की प्रयोग परत परत केला की निसर्ग उत्तर देतो. निसर्ग म्हणत होता, बहुतेक.

मी हे कॉम्रेडला तसंच सांगितलं, बहुतेक वेळा, पण नेहमी नाही. त्याचे डोळे चमकले. म्हणाला, नियम म्हणजे प्रवृत्ती. एकेक घटना इकडेतिकडे होणारच, योगायोगाच्या पोटातूनच अपरिहार्यता वाट काढते. आणि कसोटी शेवटी व्यवहारात लागते, कळशीवर नाही. मला ते खटकलं. माझं 'बहुतेक' त्याच्या तोंडात जाऊन 'नक्की' होऊन बाहेर आलं, आणि मधल्या मध्ये काय झालं ते मला पकडता येईना. मी म्हटलं, "कॉम्रेड, आक्काच्या जिवाचा प्रश्न आहे, तुमच्या प्रवृत्तीचा नाही." तो म्हणाला, "तुमच्याकडे दुसरो रस्तो आसा?"

नव्हता. बायको म्हणाली, "सरळ उचलून न्या ना. बहीण आहे तुमची." उचलून कसं नेणार? ती दुसऱ्याच्या घरची कर्ती बाई, स्वतःच्या मनाची, आणि तिच्या देहावर सुरी चालवायची होती ती तिच्या मर्जीशिवाय कशी चालवणार? मी भावजींशी बोललो. त्यांनाही तिला पणजीला न्यायचंच होतं, पण देवीनं नको म्हटल्यावर त्यांचा पाय उचलत नव्हता. प्रश्न बदलून घालूया म्हटल्यावर त्यांचा चेहरा उजळला. कॉम्रेडनं त्यांना शब्द सांगितले आणि ते त्यांनी पाठ केले. समईचं मी त्यांना काही बोललो नाही. ते बिचारे देवीवर विश्वास ठेवून निघाले होते, आम्ही दोघे समईवर.

सकाळची वेळ होती. आक्का नवी चोळी घालून, केसात फूल माळून आली होती, कुठल्या लग्नाला निघाल्यासारखी. समई तिथेच होती, डाव्या अंगाला. कॉम्रेड माझ्या शेजारी मांडी घालून बसला आणि त्यानं डोळ्यानंच मला समई दाखवली. भावजींनी प्रश्न सांगितला: आता कापाकापी न करता थांबायला देवीची खुशी आहे काय? थांबायचं असेल तर उजवी दे, थांबायचं नसेल तर डावी. गुरवानं तो देवीला सांगितला आणि पाकळ्या लावायला घेतल्या.

एवढ्यात गावातली एक बाई आत आली. तिच्या हातातल्या ताटात नवसाची समई होती, नवी कोरी, वाती पेटवलेल्या. तिला काय ठाऊक कौल लागलाय. तिनं ती गुरवाच्या पुढ्यात ठेवली, आणि गुरवानं पाकळ्या लावून झाल्यावर, डावीकडे एक आहे म्हणून, ती उचलून उजव्या अंगाला ठेवली. जवळ. पहिलीपेक्षा जवळ.

मी कॉम्रेडकडे बघितलं. तो अर्धा उठला होता. गुरवानं हात वर केला, म्हणजे बोलू नका. पाकळ्या लावल्यावर कुणी बोलायचं नसतं, ही रीत. आणि बोलून सांगणार तरी काय? देवीपुढची नवसाची समई हलवा? कशासाठी, असं कुणी विचारलं असतं तर काय सांगितलं असतं? कॉम्रेड परत खाली बसला. मी आयुष्यात इतकं लक्ष देऊन काही बघितलं नाही. दोन्ही पाकळ्यांच्या कडा वळत होत्या. मला प्रार्थना करावीशी वाटत होती आणि कुणाची करू ते कळत नव्हतं. बाहेर ट्रक गेला असावा, किंवा वारा आला असावा, किंवा काहीच झालं नसेल. उजवी पडली.

आक्काचा चेहरा मी बघितला. एवढे दिवस तिच्या कपाळावर एक आठी होती, ती गेली. तिनं देवीला लोटांगण घातलं आणि उठताना माझ्या डोक्यावरून हात फिरवला, तू उगाच घाबरत होतास असं म्हणत असल्यासारखा. गुरवानं मला नारळाची शकलं दिली, ती मी हातात धरून उभा राहिलो.

कॉम्रेड दुसऱ्या दिवशी एकटाच लाटंबार्सेला गेला. मला न विचारता. आक्कासमोर बसून त्यानं सगळं सांगितलं, समईचं, कळशीचं, फिरवलेल्या प्रश्नाचं. तो कौल खरा धरू नका, आमी लबाडी केली, असं तो म्हणाला. हे मला नंतर आक्कानंच सांगितलं. तिनं त्याला चहा दिला आणि विचारलं, "तुमची लबाडी देवीक कळाक नसतली असा तुमका वाटता? कळान सवरान तिना उजवी दिल्यान."

मग काजूचा हंगाम आला. आक्का रोज डोंगरावर जायची, बोंडू वेचायची, बिया वेगळ्या काढायची. मी जाईन तेव्हा विषय काढायचो. ओरडलो, पाया पडलो, एकदा रडलोसुद्धा. ती म्हणायची, देवीनं थांब म्हटलंय, थांबलेय मी, तुझं काय जातं? भावजींना मी वाट्टेल ते बोललो. ते ऐकून घ्यायचे. त्यांना काही बोलण्यात अर्थ नव्हता, पण बोलायला दुसरं कुणी नव्हतं. एका रविवारी वर्गात कॉम्रेड नेहमीसारखा बोलत होता. किटलीतलं पाणी तापतं, तापतं, वरून काही दिसत नाही, आणि एका क्षणी, असं म्हणून तो माझ्याकडे बघत थांबला. त्याला पुढचं वाक्य म्हणता येईना. मग तो म्हणाला, "आज पुरे." त्यानंतर वर्ग भरला, पण मी गेलो नाही. आम्ही रस्त्यात भेटलो की पावसापाण्याचं बोलायचो.

गोवा घटक राज्य झालं तेव्हा शाळेत पेढे वाटले. हेडमास्तरांनी भाषण केलं. इतकी वर्षं जे साठत आलं त्याला आज नवं रूप मिळालं, असं काहीसं. मी पेढा रुमालात बांधून लाटंबार्सेला नेला. आक्कानं तो खाल्ला आणि विचारलं, आता काय बदलतलां? मी म्हटलं, गाड्यांच्या नंबरांच्या पाट्या. ती खळखळून हसली आणि हसता हसता तिनं डावा हात छातीशी घट्ट धरला. तेव्हा मला कळलं की आता दुखू लागलंय.

पाऊस सरता सरता ती आपण होऊन म्हणाली, चल पणजीक. देवीला न विचारता. तिला विचारावंसंच वाटलं नाही म्हणाली. इस्पितळात त्यांनी काय काय तपासलं, फोटो काढले, आणि सांगितलं की आता कापून उपयोग नाही, बगलेत पसरलंय, हाडातही असेल. मी डॉक्टरांना विचारलं, काजूच्या हंगामाआधी आणली असती तर? तरुण डॉक्टर होता, भला होता. म्हणाला, "कदाचित वाचली असती. कदाचित तेव्हाही पसरलेलं असेल. नक्की सांगता येणार नाही, मास्तर." मी त्याचा हात धरला. मला हो किंवा नाही यातलं एक हवं होतं, कुठलंही चाललं असतं. मी त्याला दोनतीनदा तेच विचारलं आणि त्यानं दोनतीनदा तेच उत्तर दिलं. बरोबर उत्तर होतं. मीही मुलांना तेच शिकवलं असतं, की जेवढा पुरावा तेवढंच बोला. मला त्याचा भयंकर राग आला.

शेवटी तिला घरीच आणलं. लाटंबार्सेच्या घरात मधल्या खोलीत बाज टाकली. बायको तिथेच राहिली, मी शाळा सुटली की जायचो. कॉम्रेड एकदा आला, संत्री घेऊन. बाजेच्या पायाशी बसला. जगातल्या प्रत्येक गोष्टीवर ज्याच्याकडे वाक्य असायचं तो माणूस एक संत्रं सोलत बसला, आणि सोलून झाल्यावर ते कुणाला द्यायचं हे त्याला सुचलं नाही. आक्का झोपली होती. जाताना मला म्हणाला, "मास्तर, माका माफ करा." मी म्हटलं, तुमचं काय चुकलं? खरंच काय चुकलं होतं ते मला सांगता आलं नसतं. परत कौल लावलाच नसता तरी ती थांबलीच असती. नवसाची समई आली नसती तर ती पणजीला गेली असती, आणि मग कदाचित. असं मनाशी मांडत मांडत मी रस्त्यापर्यंत त्याला पोचवायला गेलो.

त्यानंतर एक दिवस आक्का चांगली जागी होती. उशीला टेकून बसली होती, आवाज बारीक झालेला. म्हणाली, "माझा एक काम कर. तू जा देवळात, तू विचार देवीक. घरचे नको. तू."

"काय विचारू?"

"ता तू ठरव. तू शिकलेलो."

मी गेलो. ह्याला नाही म्हणायचं कसं, हे मला कुणी शिकवलेलं नव्हतं. दुपार होती, देवळात गुरव एकटाच. त्यानं मला ओळखलं, पाकळ्या ओल्या केल्या, लावायला हात वर नेला आणि म्हणाला, "मास्तर, प्रश्न सांगा."

बरी होईल काय? त्याचं उत्तर मला ठाऊक होतं, इस्पितळाच्या कागदावर होतं. किती दिवस? ते मला नको होतं. दुखणं कमी होईल काय? डावी पडली असती तर मी तिला काय सांगितलं असतं? तेव्हाच नेली असती तर वाचली असती काय? हा एकच प्रश्न मला खरोखर विचारायचा होता, आणि माझा विश्वास नसलेल्या देवीपुढेही तो तोंडातून बाहेर येईना, कारण दोन्ही पाकळ्यांना मी भीत होतो. गुरव थांबला होता. पाकळ्यांतलं पाणी त्याच्या मनगटावरून ओघळत होतं. मला बोलता येत नाही हे बघून तोही ओशाळला. भला माणूस, त्यानं मग मला परत विचारलं नाही, तशाच पाकळ्या लावल्या आणि हात जोडून उभा राहिला. काही वेळानं उजवी पडली. त्यानं ती माझ्या हातावर ठेवली.

मी घरी आलो. आक्का वाटच बघत होती. बायकोनं तिला पाणी पाजलं होतं, ओठ ओले होते.

"काय दिल्यान?"

"उजवी."

तिनं डोळे मिटले, परत उघडले. "बरा झाला. तू काय विचारलंस?"

चटकन काहीतरी बनवून सांगायला हवं होतं, ते सुचलं नाही. ती माझ्याकडे बघत राहिली, शाळेत नेऊन सोडताना दारातून बघायची तशी. मग हळू आवाजात म्हणाली, "विचारूक होया होता रे. माका जाणून घेवचा होता."